केसांची साक्ष

जोहोर बाहरूहून परतताना वुडलँड्सच्या चेकपॉइंटवर आपण पासपोर्ट दाखवतो, बॅगा तपासून घेतो. डोक्यावरचे केसही सोबत सीमा ओलांडतात, हे आपल्या ध्यानातही येत नाही. सिंगापूरच्या कायद्याच्या मात्र ते ध्यानात आहे.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. रक्तातला पदार्थ मुळाशी केसात शिरतो आणि तिथेच अडकून राहतो. लघवीत बहुतेक अमली पदार्थांचा माग काही दिवसच लागतो. मुळालगतच्या तीन सेंटीमीटर केसांत सुमारे तीन महिन्यांचा. इथल्या कायद्यात केसांच्या चाचणीची तरतूद २०१२च्या दुरुस्तीने आली. नागरिक आणि पीआर यांनी परदेशात केलेलं सेवनही हा कायदा गुन्हा मानतो. थायलंडने २०२२ साली गांजा मोकळा केला, म्हणून बँकॉकला फिरून आलेल्या तुमच्या मुलाला सूट नाही.

कायद्याचा हात लांब आहे, ही माझी तक्रार नाही. पीआर घेताना आपण तो मान्य केला (अर्ज किती जणांनी नीट वाचला, ते सोडा). प्रश्न आहे तो केस नेमकी कशाची साक्ष देतो, हा.

‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितलं, की बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. पटतं. पण ठसा ‘हा कोण’ एवढंच सांगतो. केस ‘दोन महिन्यांपूर्वी तुझ्या शरीरात काय होतं’ हे सांगतो, म्हणजे तो आठवणीच्या फार जवळ जातो. आणि ही आठवण अर्धवट असते. स्वतः घेतलं की कुणी पेल्यात मिसळलं, हे केसाला ठाऊक नसतं. शिवाय केस वाचणारा चुकू शकतो. टोरोंटोच्या मदरिस्क प्रयोगशाळेने प्राथमिक चाचणीवरच भिस्त ठेवली. त्या निकालांच्या आधारे मुलं आईबापांपासून वेगळी केली गेली. २०१५च्या चौकशी अहवालाने त्या चाचण्या अविश्वसनीय ठरवल्या.

सरकारने केस मागितले तर द्यावेच लागतात. सबळ कारणाशिवाय नकार देणं हाही गुन्हा आहे. घरात तशी सक्ती नाही. तरी शंका आलेला एखादा बाप मुलाच्या उशीवरचे केस गुपचूप पाकिटात भरतो, असं समजा. मुलाने काही घेतलं का, हे त्याला कदाचित कळेल. का घेतलं, हे विचारायला त्याला मुलासमोरच बसावं लागणार, आणि मग उशीवरच्या केसांचं काय झालं, हेही सांगावं लागणार.