दाखला अडवून ठेवणारे

“आधी थकलेली पोटगी टाक, मग पोराचा शाळेचा दाखला ने.” समोरून उत्तर येतं, “पोरगं आता माझ्याकडं राहणार, मग कसली पोटगी?” फारकतीनंतर लेकराचा ताबा बदलायची वेळ आली की भांडण बहुधा या दोन वाक्यांवर येऊन अडतं. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं असतं. घोळ होतो तो वेगवेगळी देणी एकाच वहीत मांडल्यामुळे.

बीड जिल्ह्यात कितीतरी जोडप्यांचा संसार आणि रोजगार एकच असतो. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती या जोडीच्या जिवावर. पैसे बहुतेक वेळा गड्याच्या हातात पडतात आणि फिटतात दोघांच्या घामातून. जोडी मोडली की उचल कुणाच्या नावावर राहिली, याचा कागद सापडत नाही. पगारपत्रक तर नसतंच. ‘माझी कमाईच नाही’ असं कोर्टात सांगणं इथे फार सोपं आहे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं, की पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी आपली कमाई, मालमत्ता आणि कर्ज शपथेवर मांडावं. आई पुरेसं कमावत असेल तर लेकराचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटता येतो, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे उचलही तिथे लिहिता येते. लिहायची दानत मात्र ज्याची त्याला आणावी लागते.

थकबाकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मागच्या वर्षी आईने किराणा उधार आणला, दवाखान्याचं बिल भरलं, वह्या घेतल्या. लेकरू आज बापाकडे गेलं म्हणून तो खर्च झालाच नाही असं होत नाही. थकबाकीपायी तुरुंगात जाऊन आलं तरी देणं फिटत नाही, असं कायदाही म्हणतो.

पण इथून पुढे पारडं आईकडे झुकत नाही. लेकरू गेलं त्या दिवसापासून त्याच्या वाट्याची रक्कम घेत राहणं तिला शोभत नाही, जुना हुकूम कागदावर कायम असला तरी. तिची स्वतःची पोटगी वेगळी. ती लेकराच्या पाठोपाठ जात नाही. बापानेही आपल्या मनाने पैसे बंद करू नयेत. परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागायची सोय नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. अर्ज केला की तारखा पडतात, हेलपाटे होतात, हे खरं; तरी आपला निकाल आपणच लावून मोकळं होण्यापेक्षा ते बरं.

दाखला अडवण्याचा मात्र मला राग येतो. मूल म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच बजावलंय. शिक्षण हक्क कायद्यानुसार, आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे दाखला दाबून बापाची कोंडी होतच नाही. नव्या वर्गात ‘तुझे कागद कुठंयत?’ हा प्रश्न ऐकावा लागतो तो लेकराला. तिकडे बापही हेच करतात: पैसे थकवतात आणि आईला ‘भेटायला यायचं नाही’ म्हणतात. तिची भेट ही पैशाची पावती आहे काय?

एक अडचण खरीच आहे. पोटगी महिन्याला ठरते, ऊसतोड्याच्या हाती पैसा येतो तो हंगामाला. उचल आली की लग्न, औषधपाणी, सावकार यांत ती चार दिवसांत संपते. म्हणून थकबाकीचे हप्ते हंगाम बघून बांधावेत आणि ते दोघांच्या सहीच्या पुरशिसीवर (लेखी निवेदनावर) कोर्टात द्यावेत: लेकराच्या वाट्याची रक्कम कोणत्या तारखेपासून थांबली, जुनी बाकी किती, कधी फिटणार, दाखला आणि आधार कार्ड कोणत्या दिवशी हातात दिलं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी बाईने तोंडी बोलीवर विसंबू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, आणि त्यासाठी तिची कमाई विचारली जात नाही.