घरच्यासारखा

आमचे एक स्नेही व्याख्यानं देतात. विषय पाणी असो, भाषा असो की शिक्षण, गाडी शेवटी मराठी माणसाच्या नोकरीच्या हव्यासावर येऊन थांबते. गेल्या पावसाळ्यात ते नवीन जालन्यात आले तेव्हा निमित्त ताजं होतं. शेंद्रा-बिडकीनच्या पट्ट्यात बड्या कंपन्या उतरताहेत, टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४मध्ये सरकारशी सामंजस्य करार केला, आणि जालन्याची लेथवरची पोरं तिकडं डोळे लावून बसली आहेत. स्नेह्यांचा गळा दाटून आला. ज्याच्या हातात कला आहे त्याने गळ्यात कंपनीचा पट्टा का अडकवावा? छोट्या दुकानात माणूस घरच्यासारखा असतो, कंपनीत नुसता नंबर! सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवणार होतो. पण पुढच्या दोन रांगांत टाळ्या वाजवतंय कोण ते पाहिलं. बहुतेक सगळे वर्कशॉपचे मालक.

त्या टाळ्यांना उत्तर द्यायचं म्हणून हा लेख सुरू केला. तो मला हवा तिथं पोचला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा हितसंबंधही सांगतो. बाबांनी टाकलेलं वर्कशॉप आज धाकटा भाऊ चालवतो. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं, म्हणजे घराण्यातला पहिला नोकरदार मीच. व्याख्यानानंतर आठवड्याच्या आत दुकानातला एक पोरगा घरी आला. आयटीआयचा टर्नर, सहा वर्षं भावाच्या हाताखाली. चप्पल काढून दारातच उभा राहिला.

"सर, शेंद्र्याकडच्या मोठ्या कंपनीतून बोलावणं आलंय. जाऊ का?"

"भाऊला विचारलंस?"

"त्यांना कसं विचारू?"

अल्बर्ट हर्शमनने १९७० साली एक पुस्तक लिहिलं. असमाधानी माणसापुढं दोन वाटा असतात, एक तर बोलायचं नाही तर निघून जायचं, आणि निष्ठा या दोहोंच्या मध्ये घुटमळते, असा त्याचा विचार. हर्शमन आमच्या गल्लीत आला असता तर त्याला आणखी एक प्रकरण लिहावं लागलं असतं. घरच्यासारख्या दुकानात दोन्ही वाटांवर पाटी आहे. बोललास तर उद्धट, निघालास तर कृतघ्न.

पोरगा काय काम करतो ते एकदा पाहण्यासारखं आहे. जालन्यात सळयांच्या रोलिंग मिल आहेत. लालबुंद लोखंड ज्या रोलांतून दाबून पुढं सरकतं, त्या रोलांच्या खाचा झिजतात आणि सळईचं माप बिघडतं. मग रोल उतरवून लेथवर येतो. रोल बीडाचा, कडक. त्याची चकचकीत वेटोळी निघत नाहीत, काळी भुकटी झडते आणि नखांत बसते ती आंघोळीनंही जात नाही. खाच कापून झाली की तो पत्र्याचं गेज त्यात बसवतो, मागं बॅटरी धरतो आणि एक डोळा मिटतो. गेज आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर अजून एक कट. दिसली नाही तर काम झालं. रात्री दोनला मिल बंद पडली की मिलवाल्याचा माणूस भावाचं नाव घेत नाही, पोराचं घेतो. "त्याला उठवा."

स्नेही याला कला म्हणतात. बरोबरच म्हणतात. पण पुढं त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना साक्षीला बोलावलं, तिथं माझं त्यांच्याशी बिनसलं. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली, तसे ते नोकरी सोडून बेळगावला भावाबरोबरच्या सायकलच्या दुकानात आले. पुढं कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. आणि बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोडजवळ माळरान दिलं, तिथं १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मोठी जागा सोडून लहान दुकानात येणाऱ्याचा हा नमुना आम्हाला शाळेपासून पाठ आहे. स्नेह्यांनीही तो छान रंगवला.

प्रश्न एवढाच की वाडीत नांगर ओतले कोणी? लक्ष्मणरावांनी एकट्यांनी नव्हे. आसपासच्या गावांतून माणसं आली. ज्या लोहाराचा भाता होता, त्याला १९१० साली किर्लोस्करवाडी म्हणजे शेंद्राच होती. शिट्टी होती, हजेरी होती. त्या लोहाराने स्नेह्यांचं व्याख्यान ऐकलं असतं तर वाडी उभीच राहिली नसती आणि स्नेह्यांना उदाहरण मिळालं नसतं. आपण मालकाची गोष्ट ऐकतो आणि ती कारागिराला सांगतो. लक्ष्मणराव नोकरी सोडून स्वतःच्या दुकानात आले. आमच्या पोराचं दुकान स्वतःचं नाही. त्याने राहावं असं म्हणताना आपण त्याला लक्ष्मणराव व्हायला सांगत नसतो, लक्ष्मणरावांकडे राहायला सांगत असतो.

शिवाय 'घरच्यासारखा' हा शब्द. त्यात सगळी करामत 'सारखा'ची आहे. घरच्याला वाटणी मिळते. घरच्यासारख्याला दिवाळीला मिठाई.

हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणतोय खरा, पण या शब्दाचं कर्ज आमच्या घरावर आहे. बाबांच्या काळात दुकानात एक चाचा होते. व्हर्निअर न लावता बोटाने सूत सांगायचे. मीसुद्धा त्यांच्या मांडीवर बसून चक फिरताना पाहिलाय. सव्वीस वर्षं त्यांनी आमच्याकडं काढली. डोळे गेले तेव्हा २००९ साल होतं. बाबांनी पाकिटात अकरा हजार घातले, वर शर्टपीस. चाचांनी पाकीट कपाळाला लावलं. बाबा त्या रात्री जेवले नाहीत, आणि आपण फार मोठं काहीतरी केलं असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

पुष्कळ वर्षांनी वर्गात ग्रॅच्युइटीचा कायदा शिकवताना मी फळ्यावर सहज हिशेब मांडला. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. सव्वीस वर्षं नोकरी असेल तर आकडे एकमेकांना कापतात आणि उत्तर नेमकं पंधरा महिन्यांचा पगार येतं. खडू हातात तसाच राहिला. अर्थात कायद्याने आम्ही काहीच देणं लागत नव्हतो. तो कायदा दहा माणसांपासून लागू, कामगार विमाही दहापासून, भविष्य निर्वाह निधी वीसपासून. आमच्या गल्लीत सातचं, आठचं, नऊचं दुकान वाटेल तेवढं. दहाव्या माणसाशी मात्र कुणाचं पटत नाही.

तेव्हा मी पोराला म्हणालो, जा. भाऊला मी सांगतो. आणि लेखाचा पहिला खर्डा इथंच संपवला.

चार दिवसांनी तो नेमणुकीचा कागद घेऊन आला. मी चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला. कंपनीचं नाव होतं, पण 'कामाचे ठिकाण' या रकान्यात. नेमणूक करणारा वेगळाच. मनुष्यबळ पुरवणारा एक ठेकेदार, अकरा महिन्यांसाठी.

इथं मला रोनाल्ड कोस आठवला. या माणसावर माझा जीव आहे, त्यामुळं वाचकांनी थोडं सोसावं. विशीतला हा इंग्रज विद्यार्थी १९३१-३२मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला आणि ग्रंथालयापेक्षा कारखाने हिंडला, फोर्ड, जनरल मोटर्स. डोक्यात प्रश्न पोरकट वाटावा असा. बाजार जर सगळं जुळवून आणतो, तर कंपन्या असतातच कशाला? प्रत्येक स्क्रूसाठी, प्रत्येक तासासाठी बाजारातून माणूस का आणत नाहीत? उत्तर त्याने १९३७ साली छापलं: बाजारात जायलाही खर्च येतो. भाव काढा, घासाघीस करा, करार करा, तो पाळला जातो का पाहा. हा खर्च जिथं हुकूम देण्यापेक्षा जड होतो तिथं कंपनी सुरू होते, आणि जिथं हलका होतो तिथं तिची हद्द संपते. एवढीच गोष्ट. नोबेल मिळायला १९९१ उजाडलं. गडी ऐंशीचा झाला होता.

कोसने त्या निबंधात डी. एच. रॉबर्टसनची उपमा उसनी घेतली आहे आणि ती एखाद्या मराठी आजीने दिल्यासारखी आहे. कंपन्या म्हणजे ताकात जमलेले लोण्याचे गोळे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही वर बघायची. पण रॉबर्टसनने लोणी काढलं नसावं. गोळा काढला तरी त्याला ताकाचे थेंब चिकटलेले असतात. ते राहिले तर लोणी आंबतं, म्हणून ते थंड पाण्याने धुतात. देशातल्या संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचं प्रमाण आता चाळीस टक्क्यांच्या वर आहे. ते फाटकाच्या आत असतात आणि कंपनीच्या बाहेर. दुरून सगळं लोणीच दिसतं. धुवायची वेळ आली की आधी कोण निघतं, ते फाटकावर कळतं.

म्हणजे पोरगा लहान दुकान सोडून मोठ्या कंपनीत चाललाच नव्हता. तो एका लहान दुकानातून दुसऱ्या लहान दुकानात चालला होता, आणि या दुसऱ्या दुकानात लेथसुद्धा नव्हता. ठेकेदाराचा गाळा मी जाऊन पाहिला. एक टेबल, एक प्रिंटर, गणपतीचं कॅलेंडर. आमच्या वर्कशॉपच्या निम्म्यानेही नाही.

स्नेह्यांना फोन करून तुम्ही जिंकलात असं सांगावं, इतपत मी खचलो होतो. केला नाही. कारण ते जिंकले नव्हते. त्या कागदावर एक ओळ अशी होती जी आमच्या दुकानाने सव्वीस वर्षांत चाचांना दिली नव्हती: भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा, कपात इतकी, मालकाचा हिस्सा इतका. ठेकेदाराला पोराचा चेहरा आठवत नसेल, पण पोराचं नाव त्याच्या पटावर आहे. आमच्याकडं उलट. त्याचं नाव रात्री दोनला मिलवाल्याच्या तोंडात आहे आणि कुठल्याही वहीत नाही. तोंडातल्या नावाने इभ्रत मिळते, कर्ज मिळत नाही, बायकोच्या बाळंतपणाची सोय होत नाही. पटावरच्या नावाने सोय होते, पण तिथं त्याच्या जागी कुणीही चालतो.

लहान चांगलं की मोठं, हा वाद मला आता कंटाळवाणा वाटतो. मोठ्या नावाचाही भरवसा नसतो, हे जालन्याला कुणी सांगायला नको. बद्रीनारायण बारवालेंनी १९६४ साली इथंच महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या मॉन्सँटोने महिकोत २६ टक्के वाटा घेतला. वीस वर्षांनी बायरने मॉन्सँटोच विकत घेतली आणि ते नाव पुसून टाकलं. सोन्याचा पाळणा म्हणतात या गावाला. पाळणा कोण हलवतंय ते अधूनमधून बदलतं.

मी भावाकडं गेलो. म्हटलं, सात माणसं असली तरी निधीत स्वखुशीने सामील होता येतं, माणसांची संमती असली की झालं. पोराचं नाव लिही कुठंतरी, मग बघू तो जातो का. भाऊ चहा ओतत होता.

"दादा, मिलवाले तीन-तीन महिने पैसे देत नाहीत. चलन मात्र दर महिन्याला पंधरा तारखेच्या आत भरावं लागतं. तू लेख लिही, चलन मी भरतो. पण सहा महिने दम काढ."

यावर माझ्याकडं कोस नव्हता आणि हर्शमनही नव्हता. कंपन्यांना माणसं ठेकेदाराकडून घेणं परवडतं आणि लहान दुकानाची उधारी थकवणंही परवडतं. दोन्ही खर्च उतरंडीला खाली लोटले की वर लोणी घट्ट राहतं. भाऊ वाईट नाही. बाबाही नव्हते. पण पोराला सहा महिने नव्हते.

तो गेला. भावाने त्याची टुलांची पेटी कुलूप लावून ठेवली आहे, तिला कुणी हात लावत नाही. तिकडं तो दिवसभर एकच भाग यंत्रात बसवतो आणि काढतो. माप यंत्र घेतं, उजेडाची रेघ बघायला कुणी सांगत नाही. नखं स्वच्छ झाली आहेत. परवा रविवारी मोटरसायकलच्या कर्जाचा अर्ज घेऊन आला. कंपनीची बस हमरस्त्यावरून सुटते, तिथवर पोचायला गाडी लागते. मी एकेक रकाना वाचून दाखवत होतो, तो भरत होता. नाव, पत्ता, पगार. 'नोकरी देणाऱ्याचे नाव'पाशी पेन थांबलं. त्याने आधी गळ्यातल्या ओळखपत्राकडं पाहिलं, मग रस्त्यापलीकडं, जिथून भावाच्या लेथचा आवाज येत होता.

"सर, इथं कुणाचं लिहू?"