पितृऋण आणि परका माणूस

वडील वारल्याची बातमी चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत असताना कळली, तेव्हा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी सोलापूरला परतायला हवं होतं का? मी म्हणतो, नाही. शिरोळमध्ये राहून असं म्हणणं सोपं नाही. जवळच नृसिंहवाडी, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर लोक लांबून पितरांचे विधी करायला येतात.

२०१९ च्या महापुरात माझे वडील छावणीत वारले. मी तेव्हा पुण्यात, रस्ते पाण्याखाली. त्यांना खांदा दिला तो मी कधी न पाहिलेल्या माणसांनी. "पोटचा पोरगा असून शेवटी परकेच धावले," चुलते म्हणाले. ते मनाला लागलं. तेव्हापासून कोटणीसांचा हा प्रश्न मला सोडत नाही.

तैत्तिरीय संहितेत जन्मासोबत येणारी तीन ऋणं सांगितली आहेत: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. पितरांचं ऋण फिटतं ते संततीनं. शतपथ ब्राह्मण त्यात चौथं घालतं, माणसांचं. ते फिटतं अन्न आणि आसरा देऊन. हे चौथं आपण विसरलो, कारण त्याला ना तिथी, ना गुरुजी.

कोटणीस बहुतेकांना ठाऊक आहेत ते व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले ते एक. सोबतचे काही लवकर परतले, कोटणीस राहिले. कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांनी, बत्तिसाव्या वर्षी ते गेले.

म्हणजे शास्त्राच्याच भाषेत पाहिलं तर पितरांचं ऋण फिटलं होतं, माणसांचंही. मग थकबाकी कुठली? आईची. सोलापुरात ती वाट पाहत होती. तिचा मुलगा चीनला मिळाला, तिला नाही. हा हिशेब कुठल्याच ग्रंथाने जुळत नाही, आणि मीही तो ओढूनताणून जुळवणार नाही. तरी रुग्ण टाकून ते आले असते, तर मला ते धर्म वाटलं नसतं.

तर्पणात शेवटी नात्यात नसलेल्यांनाही पाणी देतात. येत्या पितृपक्षात नृसिंहवाडीला आलात, तर त्या ओंजळीला घाई करू नका.