स्वतंत्र माणसाची किंमत



सहीह बुखारीमध्ये एक हदीसे-कुदसी आहे. तिचा आशय असा की, कयामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध स्वतः अल्लाह वादी म्हणून उभा राहील. पहिला, ज्याने अल्लाहच्या नावाने वचन दिले आणि मोडले. दुसरा, ज्याने स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाल्ली. तिसरा, ज्याने मजुराकडून काम पुरेपूर करून घेतले आणि मजुरी दिली नाही.

ही हदीस आपण खुतब्यात अनेकदा ऐकतो. मजुरी बुडवणे आपल्याला परिचयाचे पाप वाटते. माणूस विकणे मात्र जुन्या काळातले, उंटांच्या काफिल्यांचे आणि बाजारपेठांचे पाप वाटते. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही दोन्ही पापे एकाच दमात सांगितली आहेत. वचन देऊन माणसाला गावातून आणणे, त्याला दुसऱ्याच्या हवाली करून दलाली घेणे आणि शेवटी त्याची मजुरी अडकवून ठेवणे, असा तिन्ही गुन्ह्यांचा एकच व्यवहार आज होतो. कारखान्यात पोहोचेपर्यंत तो तीन-चार हातांतून गेलेला असतो, म्हणून प्रत्येकाला आपला हात स्वच्छ वाटतो.

हजरत सलमान फारसी (रजि.) यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. सत्याच्या शोधात इराणमधून निघालेला हा तरुण शाम, मोसुल, नसीबैन, अम्मूरिया असा फिरत राहिला. अरबस्तानात जाण्यासाठी त्यांनी कल्ब टोळीच्या व्यापाऱ्यांशी रीतसर करार केला. आपल्या गाई आणि शेळ्या भाडे म्हणून दिल्या. त्या लोकांनी भाडे घेतले आणि वादी-उल-कुरा येथे पोहोचताच त्यांना गुलाम म्हणून विकून टाकले. पुढे मालक बदलत ते मदीनेच्या खजुरीच्या बागेत राबू लागले. बद्र आणि उहुदच्या लढायांत ते नव्हते, कारण गुलामाला रजा कोण देणार? आजच्या भाषेत सांगायचे तर वाहतूकदाराने फसवून मजूर विकला होता. त्यांच्या अंगावर कर्ज नव्हते की गुन्हा नव्हता.

त्यांची सुटका कशी झाली, हे अधिक लक्षपूर्वक पाहावे. मालकाने मुक्तीची किंमत ठरवली : तीनशे खजुरीची रोपे लावून जगवणे आणि चाळीस उकिया सोने. प्रेषितांनी (स.) सहाबांना आपल्या भावाला मदत करण्यास सांगितले. कोणी तीस रोपे आणली, कोणी वीस, कोणी दहा; ज्याची जेवढी ऐपत, तेवढी. खड्डे सर्वांनी मिळून खणले आणि रोपे प्रेषितांनी स्वतःच्या हातांनी लावली. सोनेही त्यांनीच मिळवून दिले. एका मजुराला बंधनातून सोडवणे हे त्या वस्तीने सार्वजनिक काम मानले. पवित्र कुरआनच्या ‘अल-बलद’ या सूरेत ज्या अवघड घाटाचा उल्लेख आहे, त्या घाटाची पहिली पायरी मान सोडवणे हीच आहे, हे विसरू नये.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. शहरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो सरळ तेथे नेतो. हे नाव कशावरून पडले, हे नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक आहे. इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. त्यातील कुटुंबे सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणात ठेवली गेली. दररोज हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पडण्यास बंदी, आणि काम शहरातील कापड गिरण्यांत. सरकार याला सुधारणा म्हणत असे. गिरण्यांना मात्र असे मजूर मिळत होते, ज्यांना काम सोडून जाण्याची मुभाच नव्हती. त्या सुताचे कापड बाजारात इतर कापडासारखेच विकले गेले असेल. धाग्यावर कुंपणाची खूण उमटत नाही. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला.

तार गेली. आज तिच्या जागी पुष्कळ ठिकाणी ‘उचल’ आली आहे.

ऊसतोडीचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम हंगामाआधी उचल देतो. हंगाम संपताना हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि फेड झाली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. काही मजूर उचल घेऊन पळतात आणि मुकादमही कर्जात बुडतो, हे खरे आहे. करार मोडणे त्यांनाही माफ नाही. पण थकबाकीसाठी माणसाला अडकवून ठेवणे, त्याच्या बायको-मुलांना ओलीस धरणे, ही वसुली नव्हे. अडचणीतील कर्जदाराला सवड द्यावी आणि शक्य असेल तर माफ करावे, हा ‘अल-बकरा’ सूरेतील आदेश साहूकाराला उद्देशून आहे. यंत्रमाग असो, वीटभट्टी असो, कसोटी एकच : हिशेब अपुरा असतानाही हा माणूस उद्या सकाळी काम सोडून जाऊ शकतो का? जाऊ शकत नसेल तर ती उचल म्हणजे त्याची किंमत आहे.

आपल्या शहराचे टॉवेल आणि चादरी देशोदेशी जातात. परदेशी खरेदीदार आता विचारू लागले आहेत की माल कोणी विणला, सूत कोठून आले. ब्रिटनने 2015 मध्ये आणि जर्मनीने 2023 पासून मोठ्या कंपन्यांना याचे उत्तर देण्याचे कायदे लागू केले. सुताचा प्रश्न पोकळ नाही. तामिळनाडूतील काही सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाने गरीब मुलींना सुमारे तीन वर्षांसाठी नेले जाई आणि शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे मिळतील, असे सांगितले जाई. वसतिगृहातून बाहेर पडण्यावर बंधने असत. (हुंडा नसता तर त्या आमिषाला धारच राहिली नसती, हेही येथे नोंदवतो.) खरेदीदाराच्या तपासनिसासमोर दाखवायची वही आणि खरी वही वेगळी ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने किरामन-कातिबीन यांचे स्मरण करावे. त्यांची वही एकच आहे.

आपल्या समाजाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मुंबईत मदनपुरा, गोवंडी, धारावी या भागांतील जरीच्या कारखान्यांतून लहान मुलांची सुटका झाल्याच्या बातम्या गेली अनेक वर्षे येत आहेत. त्यांतील पुष्कळ मुले बिहारमधून आणलेली, आई-बापांच्या हातावर थोडी रक्कम ठेवून. त्या मुलांत आणि त्या मालकांतही आपल्या समाजाची माणसे होती. ‘हुनर शिकवतो’ हे शब्द चौदा तासांच्या कामाला पांघरूण घालू शकत नाहीत. हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत. तुम्ही खाता ते त्यांना द्या, झेपणार नाही असे काम लादू नका आणि लादलेच तर स्वतः हात लावा, हा प्रेषितांच्या उपदेशाचा आशय आहे. घरकामासाठी गावाकडून आणलेल्या मुलीलाही तो लागू आहे.

देशाचा कायदा या बाबतीत शरीअतच्या हेतूशी सुसंगत आहे. संविधानाचे कलम 23 माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई करते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हेही सक्तीचे श्रमच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये ठरवले. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्दबातल ठरते.

येथे जकातीचा एक नाजूक मुद्दा येतो. ‘अत-तौबा’ सूरेत जकातीच्या आठ हक्कदारांत बंधनातील माना सोडवणे आणि कर्जदार हे दोन्ही आहेत. मग वेठबिगाराची उचल जकातीतून फेडावी का? सलमान (रजि.) यांच्या काळी मालकाला किंमत देण्यावाचून मार्ग नव्हता. आज कायद्याने जे देणे उरतच नाही, ते मुकादमाच्या खिशात घालणे म्हणजे त्याला पुढचा माणूस विकत घेण्यास भांडवल देणे, असे माझे मत आहे. त्यापेक्षा प्रथम जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे अर्ज करून मुक्तता प्रमाणपत्र मिळवावे. त्याआधारे शासनाचे पुनर्वसन साहाय्यही मिळू शकते. मूल असेल तर 1098 वर फोन करावा. हक्कदार ठरणाऱ्या कुटुंबाला जकात मात्र त्याच्याच हाती द्यावी : खोलीचे भाडे, पीठ, औषध, मुलांची शाळा. बाहेर पडलेला माणूस पहिल्या दोन महिन्यांत उपाशी राहिला तर तो पुन्हा त्याच मुकादमाकडे जातो. अटींविषयी आपल्या उलेमांना विचारावे.

रमजानच्या आधी जमातीची बैठक होतेच. तिच्यात यंदा एवढे ठरवावे की, मोहल्ल्यातील कोणते घर उचलीत अडकले आहे, कोणाचा मुलगा कोणाबरोबर बाहेरगावी कामाला गेला आणि किती दिवसांत त्याचा फोन आलेला नाही, याची चौकशी दोन जबाबदार माणसांवर सोपवावी. आणि आपल्यापैकी जे कारखानदार आहेत, त्यांनी त्या बैठकीला येण्यापूर्वी आपल्या कामगारांची बाकी काढून पाहावी.