झबल्याचा घसारा

कॉमर्सच्या पदवीधराला घरातली वस्तू टाकवत नाही आणि त्याच्या बायकोला ती नुसती पडलेली बघवत नाही. या दोन तत्त्वांवर आमचा संसार गेली सोळा वर्षं बरा चालला आहे. अडखळला तो एकदाच. मागच्या थंडीत, हसनाबादेत, एका पिवळ्या झबल्यापाशी.

त्याचं असं झालं. आमच्याकडे एक पत्र्याची ट्रंक आहे. बँकेनं बदली केली की टेम्पोत आधी ती चढते, मग मी. तीत आमच्या कन्येची झबली, टोपडी, कुंची, दुपटी डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात नांदत असतात. कन्या आता चौदा वर्षांची आहे आणि झबल्यांविषयी तिला काडीचंही ममत्व नाही. ममत्व सगळं माझ्याकडे.

तर एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली आजी दारात आली. सून नुकतीच बाळंत झालेली. आधीची दोन बाळं महिनाभराच्या आतच गेली होती. हे तिसरं. आजी उंबऱ्यापाशी टेकली आणि सौ.ला म्हणाली, "माय, तुमच्या लेकीच्या अंगावरची एक चिंधी द्या. धडधाकट लेकराची पायजे. पाच घरच्या चिंध्यांचं अंगडं शिवायचं हाय. मागून आणलेलं घातलं की लेकरू ऱ्हातं."

तुम्ही म्हणाल, चिंधीच ती, देऊन टाकावी. सौ.लाही तसंच वाटलं. तिनं ट्रंक उघडली आणि नेमकं ते पिवळं झबलं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, गळ्यापाशी बाळगुटीचा कैरीएवढा डाग.

मी पेपर खाली ठेवला. "ते नाही. दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिच्या अंगावर हेच होतं."

आजीला "दुपारी या" म्हणून वाटेला लावलं आणि आमचं कामकाज सुरू झालं. प्रथम मी अंधश्रद्धेचा मुद्दा काढला. पूर्वी मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू नाही तर भिकू ठेवीत. मृत्यूला वाटावं, हा तर भीक मागून आणलेला माल, याला नेऊन काय करायचं! मागितलेल्या चिंध्यांचं अंगडं हे त्याच युक्तिवादाचं शिवणकाम. चीनमध्ये म्हणे बाळासाठी शंभर घरच्या तुकड्यांचा झगा करायची चाल होती. आमच्या आजीनं पाचांत भागवलं, हा मराठवाड्याचा काटकसरीपणा. सौ. शांतपणे म्हणाली, "ते सगळं सोडा. नव्या कापडाला खळ असते, ती बाळाला टोचते. जुनं टोचत नाही. एवढं पटतं का?"

पटलं. मग मी हिशेबावर आलो. घसाऱ्याच्या दोन पद्धती आहेत. स्थिर हप्त्यानं काढला तर वस्तू ठरल्या साली शून्य होते. उरलेल्या किमतीवर काढला तर ती लहान लहान होत जाते, शून्य मात्र कधीच होत नाही. चाळीस रुपयांचं झबलं, दर साल दहा टक्के, चौदा वर्षं : शिल्लक ९ रुपये १५ पैसे. "म्हणजे वस्तू अजून पुस्तकात जिवंत आहे," मी म्हणालो.

"मग जिवंत माणसाच्या अंगावर जाऊ द्या," सौ. म्हणाली. हिला कॉमर्स शिकवलं नाही हे एका परीनं बरंच झालं.

वास्तविक माझ्याच मुद्द्याचा पुरावा माझ्याविरुद्ध जात होता. हसनाबादहून अजिंठा फार लांब नाही. ती लेणी पाहून आल्यावर मी थोडं वाचलं होतं. विनयपिटकात उदेन राजा आनंदाला विचारतो, एवढ्या पाचशे चीवरांचं तुम्ही करता काय? आनंद सांगतो, ज्यांची विरली त्यांना देतो. जुन्या चीवरांचे पलंगपोस करतो, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बैठक, बैठकीचं पायपुसणं, पायपुसण्याचं फडकं, आणि फडकं विरलं की मातीत कुटून जमिनीला लिंपतो. राजानं खूश होऊन आणखी पाचशे दिली. घटत्या शिल्लकेची पद्धत याहून चांगली कुणी चालवली नसेल. पण त्यात ट्रंक कुठंच नव्हती.

शेवटचा मुद्दा तात्त्विक होता. "कापलं की ते झबलं राहणार नाही." हे मी कुठं बसून म्हणत होतो? हैदराबाद राज्याचं कापड १९५६ मध्ये तीन तुकड्यांत फाडलं, तेव्हा हसनाबाद द्विभाषिक मुंबई राज्याला टाचलं गेलं. १९६० मध्ये महाराष्ट्राला. मग १ मे १९८१ रोजी औरंगाबादेतून भोकरदनसह काही तालुके कापले, परभणीचं परतूर जोडलं आणि जालना जिल्हा शिवून तयार झाला. ज्या औरंगाबादेतून कापला, तिचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. एवढ्या कात्र्या फिरून हसनाबाद हसनाबादच. मी हा मुद्दा मनातल्या मनात मागे घेतला.

मालकीचं काय? माल कन्येचा. ती अज्ञान, मी पालक. परंतु दहा वर्षांवरच्या अज्ञानाला बँकेत स्वतःचं खातं चालवता येतं, हे मीच रोज काउंटरवर सांगतो. कन्येनं वहीतून मान वर न काढता निकाल दिला : "द्या ना बाबा, मला आता होणार आहे का ते?"

तरीही मी म्हणालो, "पण तो दिवस..."

सौ.नं कात्री खाली ठेवली. "कुठला दिवस? तीस सप्टेंबर होता. तुमचं हाफ-इयरली क्लोजिंग. आम्हाला माझ्या भावानं घरी आणलं. तुम्ही रात्री अकराला आलात, आम्ही दोघी झोपलो होतो. झबलं संध्याकाळीच बदललं होतं. दोरीवर वाळत होतं."

मला आठवलं. पिवळं झबलं, अंगणातली दोरी, अंधार. त्यात बाळ नव्हतं. पायऱ्यांवर बसून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो, आणि त्या दिवशी खात्यांत चार पैशांचा फरक राहिला होता तो शोधत होतो. चौदा वर्षं, पाच गावं, मी आठवण म्हणून जी वस्तू वाहत होतो ती माझ्या गैरहजेरीची चिठ्ठी होती. अशी चिठ्ठी हातची सोडवत नाही.

दुपारी आजी आली. झबलं मीच दिलं.

बारशाला पुरुषांचं काय काम? पण आजीनं मुद्दाम बोलावलं. बाळ लालबुंद, मुठी आवळलेलं, आणि अंगात पाच रंगांचं अंगडं. कन्येनं विचारलं, "बाबा, यातला माझा कुठला?" मी क्षणाचाही विचार न करता छातीवरच्या पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"ते सुताराच्या घरचं हाय, साहेब," आजी म्हणाली, आणि बाळाचा हात अलगद वर उचलला. "तुमचं हे. सगळ्यात मऊ होतं ना, म्हणून काखंत लावलं. तिथंच काचतं लेकराला."