थर किती उतरवायचे?

आज गीता, अध्याय ३, श्लोक ३८. आशय असा: विस्तव धुराने, आरसा धुळीने, गर्भ वेष्टनाने झाकलेला असतो, तसं ज्ञान कामनेने झाकलं जातं.

सध्या अमळनेरच्या आमच्या धाब्याच्या घरात सागवानी दाराचा जुना ऑइलपेंट काढणं चालू आहे. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, तळाला निळा. प्रत्येक थर घरातल्या कुठल्यातरी लग्नाच्या आधी दिलेला. धुळ्याहून आलेली आजी विचारते, "कसाले खरडस रे?" निळा तिच्या लग्नाचा.

मग हे थर मळ की माया? धूर फुंकरीने जातो, धूळ पुसून जाते. पण वेष्टन ओढून काढलं तर गर्भच जाईल! हे तिसरं आवरण पोसणारं आहे, आणि आपण वाचताना नेमकं तेच विसरतो. खानदेशातला मे आणि त्यामागून येणारा पाऊस या रंगानेच तर झेलला.

आपल्याकडून चैत्रात लोक पायी सप्तशृंगी गडावर जातात. २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर सुमारे दीड महिना दर्शनाला बंद ठेवून देवीवरचा शेकडो किलो शेंदूर उतरवला, आतलं जुनं रूप दिसलं. म्हणून आधीच्या पिढ्यांनी हात जोडले ते रूप खोटं? मला नाही तसं म्हणवत.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं (पारंपरिक शेंदूरही शिशाचाच). घरगुती रंगात दशलक्ष भागांत ९० भाग ही शिशाची मर्यादा लागू झाली ती थेट नोव्हेंबर २०१७ पासून. कोरडं घासलं की ती भुकटी हवेत जाते. लहान मुलांच्या मेंदूला ती सगळ्यात वाईट. म्हणजे 'ओरिजिनल' लाकूड बघायची हौस माझी आणि श्वास पेंटरदादांचा, शेजारच्या पोरांचा. श्लोकातली कामना ती हीच की! बाकीचं दिसेनासं करते.

म्हणून काम पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने. ज्योतीने जाळणं बंद. नुसता रुमाल नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क. खाली प्लास्टिक, पोरं लांब, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. चार दिवस जास्त लागतील, मजुरीही वाढेल. ती द्यायची. चौकटीच्या आतल्या बाजूचा निळा पट्टा घट्ट बसलाय, तो आजीच्या सांगण्यावरून तसाच ठेवतोय.

उद्या श्लोक ३९.