पाहिलेले आणि ऐकलेले

१३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मिशनरी रक्तसाक्षी झाले. त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन दफन करणारे डोमिनिकन धर्मगुरू म्हणजे फादर जॉर्डन. १३२९ साली कोल्लमचे बिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांनी लॅटिन भाषेत एक छोटे प्रवासवर्णन लिहिले. त्यात इथले फणस, आंबे, हत्ती आहेत, तसेच त्याकाळी ‘तिसरा भारत’ म्हटल्या जाणाऱ्या दूरच्या प्रदेशातील, डोक्यावर मणी असलेले ड्रॅगनही आहेत. मात्र तेथे मी गेलेलो नाही, हे विश्वासू माणसांकडून ऐकले आहे, असे ते स्पष्ट नमूद करतात.

एवढा प्रामाणिकपणा आपल्या बोलण्यात असतो का? ‘म्हणे’ हा छोटा शब्द आपण गाळतो आणि ऐकीव गोष्टीची साक्ष होते. पण नुसते ‘म्हणे’ जोडून तरी आपण सुटतो का? ड्रॅगनची अब्रू जात नाही, शेजाऱ्याची जाते. सांगणारा विश्वासू असला, तरी पुढे सांगण्याची जबाबदारी आपलीच असते.

‘खोटी साक्ष देऊ नकोस’ ही आठवी आज्ञा आपल्याला तोंडपाठ आहे. तेव्हा कोणाच्या घराविषयी बोलण्यापूर्वी स्वतःला विचारू या : हे आपण पाहिले आहे का? आणि पाहिले असले, तरी ते सांगून कोणाचे भले होणार आहे?